अंतोनीचा मोडका हात

पिशवी लग्नाच्या आहेरात मिळते तसली होती, साडीच्या दुकानाचं नाव छापलेली. भाच्याने ती उंबऱ्यातच ठेवली. “आत्या, तुला ठेवायच्या असल्या तर ठेव. नाहीतर ऐरोलीला कामावर जाता जाता कळव्याच्या पुलावरून खाडीत सोडतो.” पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली फातिमाची सायबीण, म्हणजे मरियेची मूर्ती, होती, येशूच्या पवित्र हृदयाची काच तडकलेली तसबीर होती आणि तळाशी माझ्या आजीचा लाकडी संत अंतोनी. त्याचा उजवा हात मनगटापासून गेलेला आहे. कधी गेला ते घरात कुणालाच सांगता येत नाही. हरवलेल्या वस्तू शोधून देणारा संत म्हणून अंतोनीची ख्याती, आणि स्वतःचा हात मात्र त्याला अजून सापडत नाही, यावर आमच्या घरातल्या तीन पिढ्या हसल्या आहेत.

भाचा दोन वर्षांपूर्वी ‘बिलिव्हर’ झाला, म्हणजे मूर्ती न मानणाऱ्या एका ख्रिस्ती गटात गेला. घोडबंदर रोडवर एका हॉलमध्ये रविवारी प्रार्थना असते, तिथे जातो. देवळात येणं थांबलं. (आम्ही वसईकडची माणसं चर्चला देऊळच म्हणतो. इथे दोन्ही शब्द येतील, गोंधळू नये.) त्याने मोबाइल काढून मला बायबलातल्या निर्गमाच्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातली आज्ञा वाचून दाखवली. कोरीव मूर्ती करू नको, तिच्या पाया पडू नको. मी तीस वर्षं धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना जे उत्तर दिलं तेच त्याला दिलं. आपण मूर्तीची पूजा करत नाही, फक्त मान देतो. पाकिटात आईचा फोटो ठेवतो ना, तसं.

“पाकिटातल्या फोटोला कुणी मेणबत्ती लावत नाही, आत्या. त्याला कुणी नवस बोलत नाही.”

तो गेला, पिशवी राहिली. त्याचं म्हणणं मला पटलं नव्हतं, पण त्या दिवसापासून माझं उत्तरही मला पटेनासं झालं. आता तर माझं असं मत झालं आहे की ठाण्या-नवी मुंबईतल्या कॅथलिकांनी हे फोटोचं उत्तर सोडूनच द्यावं. एक तर ते खरं नाही. दुसरं म्हणजे, ते देताना आपण शेजाऱ्याला कमी लेखतो आणि ते आपल्या लक्षातही येत नाही.

फोटो म्हणजे ज्याचा आहे त्याच्यासारखा दिसणारा. आपल्या कुठल्या मूर्तीबद्दल असं म्हणता येईल? येशू उंच होता की बुटका, एवढंही त्याचं चरित्र सांगणाऱ्या चारपैकी एकाही शुभवर्तमानात लिहिलेलं नाही. आणि लूर्द्सची माता घ्या. चर्चच्या आवारात सिमेंटच्या कपारीत पांढऱ्या झग्याची आणि निळ्या पट्ट्याची मरिया उभी दिसते, ती ही. १८५८ मध्ये फ्रान्समधल्या लूर्द्स गावी बर्नादेत नावाच्या चौदा वर्षांच्या गरीब मुलीला तिचं दर्शन झालं. नंतर लिओंचा शिल्पकार जोसेफ फाबिश याने त्या मुलीला खोदून खोदून प्रश्न विचारले, संगमरवरात मूर्ती घडवली आणि १८६४ मध्ये ती त्या कपारीत बसवली गेली. बर्नादेतला ती पसंत पडली नाही. आपण पाहिली ती अशी नव्हती, असं तिचं म्हणणं. म्हणजे जगभरच्या कपारींतून जी मरिया उभी आहे, ती जिने प्रत्यक्ष पाहिलं त्या एकमेव साक्षीदाराने नापास केलेली आहे. तरी तिच्यासमोर माणसं रडतात, आजारी मुलाचं नाव घेतात, परीक्षेचं हॉलतिकीट तिच्या पायाशी टेकवून जातात. त्या माणसांना सारखेपणा हवा असता तर कपार केव्हाच ओस पडली असती.

‘फक्त मान देतो’ हा उत्तराचा दुसरा अर्धा भाग. यामागे चर्चचं एक जुनं, नीट घासूनपुसून ठेवलेलं सूत्र आहे. आराधना एकट्या देवाची, तिला ग्रीकमधून आलेला शब्द लात्रिया. संतांना मान, तो दुलिया. मरियेला इतर संतांपेक्षा थोडा अधिक. आणि मूर्तीला दिलेला मान मूर्तीत थांबत नाही, ज्याची मूर्ती त्याच्याकडे पोहोचतो. इ.स. ७८७ मध्ये निकीया इथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकला, भरलेल्या धर्मसभेने मूर्तिभंजक सम्राटांच्या विरोधात हे ठरवलं. १५६३ मध्ये त्रेंतच्या सभेने प्रोटेस्टंटांना उत्तर देताना त्यात भर घातली, की मूर्तीत काही देवत्व किंवा शक्ती आहे म्हणून हा मान नव्हे. कागदावर सगळं चोख.

पण याच चर्चचा सर्वांत मोठा तत्त्वज्ञ, तेराव्या शतकातला थॉमस अक्वायनस, लिहून गेला आहे की ख्रिस्ताच्या प्रतिमेला द्यायची ती लात्रियाच, ख्रिस्ताला देतो तीच. आणि गुड फ्रायडेच्या दुपारी आमच्या देवळात काय चालतं ते कुणीही येऊन पाहावं. जांभळ्या कापडातून क्रूस उघडा केला जातो, दोघेजण तो धरून उभे राहतात, रांग लागते, लोक गुडघे टेकून त्याच्या पायाचं चुंबन घेतात आणि बाजूला उभा असलेला पोरगा दर वेळी रुमालाने ती जागा पुसतो. (करोनानंतर काही जण नुसता नमस्कार करून पुढे सरकतात.) विधीच्या अधिकृत पुस्तकात या भागाला ‘आराधना’ हाच शब्द आहे. त्या लाकडासमोर गुडघा टेकायला चर्चच सांगतं. माझ्या आजीला कुणी विचारलं असतं, की बाई, तू आत्ता लात्रिया केलीस की दुलिया, तर तिने त्याला आधी बस म्हणून चहा दिला असता.

सूत्र खोटं आहे असं मी म्हणत नाही. माणसाच्या गुडघ्यात काय चाललेलं असतं, ते त्या सूत्रात मावत नाही एवढंच.

माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर होते. खंडेनवमीला तिथे यंत्रं पुसून लख्ख करायची, लेथला झेंडूची माळ, हळदकुंकू, पुढ्यात नारळ, मग पेढे. खात्यात वडील एकटेच कॅथलिक. ते सगळ्यांबरोबर लेथसमोर हात जोडायचे. एका वर्षी कुणीतरी त्यांच्या मनात किल्मिष घातलं आणि ते फादरांकडे गेले, मी यंत्राची पूजा केली म्हणून सांगायला. फादर मराठी होते, वयस्कर होते. त्यांनी विचारलं, “यंत्राकडे मागितलंस काय?” वडील म्हणाले, “काही नाही. वर्षभर दहा बोटं शाबूत राहिली, म्हणून हात जोडले.” फादर म्हणाले, “मग माझा पेढा कुठे आहे?”

मला वाटतं, आपल्याला हवं ते उत्तर त्या पेढ्यापाशी आहे, आणि त्यासाठी रोमला जायची गरज नाही. आपल्या मराठी अंगाला आदराचं एक व्याकरण आहे. पुस्तकाला पाय लागला की आपण पुस्तकाला नमस्कार करतो. बोहनीची नोट दुकानदार कपाळाला लावतो. पहाटे स्टेशनबाहेर पहिली खेप घेणारा रिक्षावाला हँडलला हात लावून तो छातीशी नेतो. नट रंगमंचावर पाऊल टाकण्याआधी फळीला हात लावतो. यातला कुणीही पुस्तकाला, नोटेला, हँडलला देव समजत नाही. आणि ‘मी यांना नुसता मान देतोय, फोटोसारखा’ असंही कुणी समजत नाही. दोन्हींच्या मधलं काहीतरी चाललेलं असतं. त्याला शास्त्रात नाव असेल-नसेल, पण चार वर्षांच्या मुलालाही ते करता येतं, कारण त्याने ते आईच्या कडेवरून पाहिलेलं असतं.

आमच्या घरांत मूर्ती याच व्याकरणाने राहिल्या. आजी अंतोनीशी बोलायची. मंगळवारी त्याला मेणबत्ती, आणि काम झालं नाही तर शिक्षा: चार दिवस तोंड भिंतीकडे. पोर्तुगालमध्येही बायका अंतोनीला असंच छळतात, हे मला फार उशिरा कळलं. पण ते कळलं नसतं तरी चाललं असतं, कारण शेजारच्या काकू मुलाच्या निकालासाठी देव पाण्यात घालून बसायच्याच. धर्म दोन, गाऱ्हाण्याची रीत एक. आणि मे महिन्यात सायबीण गल्लीतून घरोघर फिरायची तेव्हा काकू त्यांच्या दारात रांगोळी काढायच्या, मग लादीन, म्हणजे मरियेची सामूहिक प्रार्थना, झाल्यावर उकडलेल्या चण्यांचा द्रोण त्यांच्या घरी जायचा. कुणी कुणाला व्याख्या विचारल्या नाहीत.

भाच्याशी माझा खरा वाद आहे तो इथे. तो मोबाइलवर इंग्रजी प्रवचनं ऐकतो. त्यांतला ‘वर्शिप’ हा शब्द त्याच्या डोक्यात मराठी ‘पूजा’ होऊन उतरतो. पण मराठीत पूजा सत्यनारायणाची असते तशी वहीचीही असते, भूमीची असते, नव्या स्कूटरचीही असते. एका भाषेतला अरुंद शब्द दुसऱ्या भाषेतल्या ऐसपैस शब्दावर बसवला की भांडण ठरलेलंच. हे पूर्वीही झालं आहे. निकीयाच्या ठरावाचं लॅटिन भाषांतर इतकं ढिसाळ झालं होतं, की पश्चिम युरोपातल्या शार्लमेन राजाच्या पदरच्या पंडितांचा समज झाला, पूर्वेकडच्या बिशपांनी मूर्तींची आराधनाच करायला सांगितली आहे. त्यांनी चिडून त्या सभेविरुद्ध एक जाडजूड ग्रंथ लिहून काढला. बारा शतकं उलटली, घोडबंदर रोडवर तोच घोळ चालू आहे.

निकीयाच्या आधी याच वादात दमास्कसचा योहान नावाचा एक साधू उतरला होता. तो खलिफाच्या राज्यात राहायचा, म्हणून मूर्तिभंजक ख्रिस्ती सम्राटाचा हात त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हता. इतिहासाच्या अशा खोड्या मला फार आवडतात. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: मी जड पदार्थाची आराधना करत नाही, जडाच्या निर्मात्याची करतो, पण तो निर्माता माझ्यासाठी स्वतः जड झाला, मग त्या जडाला मी तुच्छ कसं मानू? देव माणूस झाला, त्याला हाडं-मांस होतं, तो चिखल कालवून आंधळ्याच्या डोळ्यांना लावायचा, असं ज्यांचं म्हणणं आहे त्यांना लाकूड, मेण, तेल, पाणी यांची लाज कशी वाटेल? ठाण्यात तर जड वस्तूंची ही ओढ पोर्तुगीज येण्याच्या दोनशे वर्षं आधी येऊन गेली. १३२१ मध्ये इथे चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. नंतर ओदोरिक नावाचा त्यांच्याच संघाचा प्रवासी आला आणि त्यांची हाडं जहाजातून पार चीनपर्यंत घेऊन गेला. हाडंच होती. पण ती मागे टाकून जाणं त्याला जमलं नाही.

आता शेजाऱ्याबद्दल. ‘आम्ही मूर्तिपूजक नाही’ हे वाक्य ठाण्यात उच्चारण्यापूर्वी माणसाने मासुंदा तलावाला एक फेरी मारावी. एका काठाला आमचं सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च, दुसरीकडे जांभळी नाक्यापाशी कोपिनेश्वराचं देऊळ. हे शिलाहारांचं गाव. इथल्या तळ्यांच्या गाळातून जुन्या मूर्ती निघाल्या आहेत. ज्या पोर्तुगीज राजवटीत आमचे पूर्वज ख्रिस्ती झाले, तिने गोव्यात १५४० पासून देवळं पाडली, आणि वसई प्रांताचा अनुभव काही वेगळा नव्हता. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, दोन वर्षांनी वसई पडली, आणि मग आमच्या देवळांच्या घंटा सह्याद्रीतल्या देवळांत जाऊन टांगल्या गेल्या. भीमाशंकरची पाहून आले आहे मी. आवाज छान आहे. हिशेब कुणाचाच कोरा नाही, पण एका हाताने मूर्ती फोडणाऱ्या आणि दुसऱ्या हाताने मूर्ती वाटणाऱ्या राज्याकडून आपल्याला हा धर्म मिळाला, ही गोष्ट आम्ही धर्मशिक्षणात कधी शिकवली नाही. ‘त्यांची मूर्ती म्हणजे दगडाची पूजा आणि आमची मूर्ती म्हणजे फोटो’ हा भेद करणारा कॅथलिक अजून त्याच राजवटीच्या आवाजात बोलत असतो, त्याला कळो न कळो. समोरच्या वारकऱ्यालाही देव दगडात मावत नाही हे ठाऊक असतं. देवही पाषाण, पायरीही पाषाण, मग एकाला हात जोडायचे आणि एकावर पाय, हे कसं, असा प्रश्न तुकोबांनी आपल्याआधी विचारून ठेवला आहे. त्यांचं उत्तर, सार तो भाव, हेच निकीयाच्या बिशपांना कितीतरी लांबलचक ठरावात सांगावं लागलं.

त्याच राजवटीने हुकूम काढले की हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती मूर्ती घडवू नयेत. हुकूम दप्तरात राहिले. त्या काळातले हस्तिदंती बाळ येशू पाहावेत: मेंढपाळाच्या वेशात डोंगराच्या शिखरावर बसलेला, गाल तळव्यावर टेकलेला, डोळे अर्धे मिटलेले. ध्यानस्थ बुद्ध कुणी आधी पाहिलेला असल्याशिवाय असा येशू हातून उतरत नाही. विसाव्या शतकात आंजेलो द फोन्सेका या गोव्याच्या चित्रकाराने मरियेला साडी नेसवली तेव्हा गोव्यातल्या ख्रिस्ती समाजाने त्याला इतकं टोचलं की तो पुण्याच्या आश्रमात येऊन राहिला. आणि इकडे तमिळनाडूतल्या वेलंकणीच्या मरियामाउलीला भाविक जरीची साडी नेसवतात, त्यावर कुणी भुवई उंचावत नाही. मला फोन्सेकाबद्दल वाईट वाटतं. साडी त्याने कुंचल्याऐवजी कापडाची नेसवली असती तर वाचला असता.

इतकं मूर्तीच्या बाजूने बोलल्यावर घरच्यांना चार शब्द सुनावायला मी मोकळी झाले.

कॅथलिक देवळात वेदीजवळ एक छोटी पेटी असते आणि तिच्याशेजारी सतत जळणारा लाल दिवा. पेटीत पवित्र साक्रामेंताची भाकर असते. आमच्या श्रद्धेप्रमाणे ख्रिस्त तिथे साक्षात आहे. हिंदू मित्र विचारतात, तुमच्याकडे प्राणप्रतिष्ठा असते का? मूर्तीची नसते, तिला फक्त आशीर्वाद. तुलना करायचीच तर त्या पेटीशी करावी लागेल. आणि कुठल्याही मंगळवारी देवळात उभं राहून पाहा. निम्मी माणसं त्या लाल दिव्याकडे ढुंकून न बघता सरळ अंतोनीच्या काचेच्या कपाटाकडे जातात, काचेवर हात फिरवतात, तो डोक्याला-छातीला लावतात, चिठ्ठी टाकतात आणि तसेच बाहेर. घरमालक दारात उभा, आणि पाहुणे त्याला ओलांडून थेट दिवाणखान्यातल्या शोकेसला भेटून निघाले, असा प्रकार.

यावर भाविकांना झापणारे फादर मी पाहिले आहेत. मला ते पटत नाही. त्या काचेच्या कपाटात एलईडीची माळ कुणी सोडली? पायाशी दानपेटी कुणी ठेवली? एका देवळात मी अंतोनीच्या दोन मूर्ती मोजल्या, एक आत आणि एक बाहेर, बाहेरची घाईत असलेल्यांसाठी असावी. चर्चच्या कायद्याचं ११८८ वं कलम सांगतं की प्रतिमा मर्यादित संख्येत आणि योग्य क्रमाने ठेवाव्यात, लोक गोंधळू नयेत आणि भलत्या भक्तीला वाव मिळू नये. हे कलम प्रत्येक पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत बजेटच्या आधी वाचावं असं माझं मत आहे. इ.स. ६०० च्या सुमारास मार्सेच्या बिशपाने लोक चित्रांना भजतात म्हणून चित्रंच फोडली, तेव्हा पोप ग्रेगरीने त्याला कळवलं: भजू दिलं नाहीस ते बरं केलंस, फोडलीस ते वाईट केलंस. ज्यांना वाचता येत नाही ते भिंतीवर वाचतात, म्हणून समजावून सांग. समजावणं हे काम आहे. माळ सोडणं सोपं.

आणि २०१२ चा तो प्रसंग. विलेपार्ल्याच्या एका चर्चच्या आवारातल्या क्रूसावरच्या येशूच्या पायातून पाणी ठिबकू लागलं. लोक ते भांड्यात धरून घरी नेऊ लागले. विवेकवादी सनल एडामरुकू यांनी येऊन पाहिलं आणि दाखवून दिलं की शेजारच्या तुंबलेल्या गटाराचं पाणी केशाकर्षणाने भिंतीतून वर चढतं आहे. त्यावर काही कॅथलिक मंडळींनी काय केलं? धार्मिक भावना दुखावल्याचं २९५-अ कलम लावून त्यांच्याविरुद्ध तक्रारी केल्या. ते फिनलंडला निघून गेले. सप्टेंबर १९९५ मध्ये गणपती दूध प्यायला तेव्हा आम्ही स्टाफरूममध्ये किती हसलो होतो, ते मला त्या दिवशी आठवलं आणि मान खाली गेली. ज्या त्रेंतच्या सभेने मूर्तींना मान द्यायला सांगितलं, तिनेच त्याच ठरावात बजावलं आहे की बिशपांनी तपासून मान्य केल्याशिवाय कुठलाही नवा चमत्कार खरा धरू नये. म्हणजे एडामरुकू चर्चचंच काम फुकटात करत होते. त्यांना नारळ आणि शाल द्यायची ती सोडून आपण पोलीस ठाण्यात गेलो.

माझ्या दृष्टीने मूर्तीची कसोटी ती सोडता येते का ही आहे. भाच्याने मला निर्गमाचा विसावा अध्याय वाचून दाखवला, पंचविसावा वाचला नाही. तिथे तोच देव सोन्याचे दोन करूब, म्हणजे पंखवाले देवदूत, घडवून कराराच्या पवित्र कोशावर बसवायला सांगतो. पुढे गणना या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात मोशे देवाच्याच सांगण्यावरून पितळेचा साप करतो आणि साप चावलेली माणसं त्याच्याकडे बघून वाचतात. गोष्ट तिथे संपत नाही. काही शतकांनी हिज्कीया राजा त्याच सापाचे तुकडे करतो, कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले होते. एकच वस्तू. घडवणं बरोबर होतं आणि मोडणंही बरोबर. भाचा दुसरी गोष्ट मानतो, आमचे लोक पहिली. बायबलात दोन्ही आहेत आणि मधली शतकंही आहेत.

चर्चला हे माहीत आहे, म्हणून तर ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या शेवटच्या दोन आठवड्यांत मूर्तींवर जांभळं कापड टाकायची रीत आहे. सगळे संत झाकलेले. लहानपणी मला वाटायचं त्यांना ताप आलाय. आता कळतं की ती वर्षातून एकदा घेतलेली चाचणी आहे, मूर्ती दिसेनाशी झाली तर तुझी प्रार्थना चालते का याची.

आणि सोडण्याची कला शिकायला तर आपल्याला दोन पावलं जायचं आहे. ज्याला आपण मूर्तिपूजक म्हणतो, तो शेजारी मातीचा गणपती आणतो, त्याच्यात प्राण यावा म्हणून मंत्र म्हणतो, दीड, पाच, दहा दिवस त्याचे लाड करतो, मग उत्तरपूजा करून तोच देव मासुंद्याच्या काठावरच्या महापालिकेच्या कृत्रिम तलावात सोडून येतो. रिकामा पाट घेऊन घरी. एवढं सोडणं आम्हाला एका सिमेंटच्या कपारीबद्दलही जमत नाही.

रस्तारुंदीची नोटीस आली की काय होतं, ते आठवा. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ ला आदेश दिला की सार्वजनिक जागेवर यापुढे बेकायदा प्रार्थनास्थळ होऊ द्यायचं नाही. तेव्हापासून कोपऱ्या-कोपऱ्यावरच्या देवळांप्रमाणे क्रूसांनाही नोटिसा येतात. यात दोन प्रकार आहेत आणि ते आपण मुद्दाम एक करून टाकतो. मुंबई परिसरातल्या गावठाणांच्या वेशीवरचे कितीतरी जुने क्रूस १८९६ च्या प्लेगनंतर लोकांनी उभारले. साथ गावात शिरू नये म्हणून. त्यांच्या चौथऱ्यांवर नावं, वर्षं कोरलेली असतात. कधीकधी त्या वस्तीची एवढी एकच लेखी खूण उरलेली असते, बाकी सगळं टॉवरखाली गेलेलं. असा क्रूस हा दस्तऐवज आहे. २०१७ मध्ये वांद्र्याचा एक जुना क्रूस पाडला गेला तेव्हा लोक रस्त्यावर आले, ते मला समजू शकतं. अशा क्रूसासाठी भांडावं, पण कागद घेऊन, वारसा म्हणून. आणि हलवायची वेळ आलीच तर चौथऱ्यासकट हलवावा.

दुसरा प्रकार म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी कुणा नगरसेवकाच्या निधीतून फुटपाथवर उभी राहिलेली टाइल्सची कपार, तिला स्टीलचा कठडा, वर पत्रा. शाळेची मुलं तिला वळसा घालून रस्त्यावरून चालतात. ती वाचवण्यासाठी ‘आमच्या भावना’ म्हणून मोर्चा काढणाऱ्यांत मी जाणार नाही, गेल्या वेळी गेले नाही म्हणून दोन घरांनी बोलणं सोडलं तरी. ज्या माउलीला बाळंतपणासाठी धर्मशाळेत जागा मिळाली नव्हती, तिच्या नावाने आपण चालणाऱ्याची जागा अडवतो.

याचा उलटा अर्थ लावून घेणारे असतात, म्हणून सांगते. फुटपाथ मोकळा करा म्हणजे घरातली वेदी काढा असं नाही. भाच्याच्या नव्या घराच्या भिंती पांढऱ्याशुभ्र आहेत, एका भिंतीवर फक्त एक वचन, छान अक्षरात, फ्रेम केलेलं. मराठी प्रोटेस्टंटांची घरं आणि देवळं अशी असतात, ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चमध्येही मी बसले आहे, त्या मोकळेपणातही प्रार्थना होते. मला त्याबद्दल आदर आहे. पण त्याची चार वर्षांची मुलगी माझ्याकडे येते तेव्हा वाचता न येणाऱ्या माणसासारखी भिंतभर शोधत असते, आणि तिला पोप ग्रेगरी माहीत नाही.

पिशवीतली तसबीर मी काच बदलून लावली. सायबीण प्लास्टर ऑफ पॅरिसची, आतून पोकळ, मानेपाशी चिरलेली होती. आशीर्वादित वस्तू कचऱ्यात टाकत नाहीत, जाळतात किंवा पुरतात. फादरांना विचारून देवळामागच्या बागेत एका सकाळी माळ्याच्या मदतीने पुरली. वर काही लावलं नाही. प्लास्टर विरघळायला किती वर्षं लागतील कोण जाणे, पुढच्या वेळी मातीची आणेन.

अंतोनी कपाटावर आहे. नाताळला भाचा कुटुंबासह जेवायला आला, प्रार्थना त्यानेच सांगितली, चांगली सांगितली. हात धुताना त्याची नजर वर गेली.

“आत्या, ह्याचा हात खरंच कधी सापडला नाही का गं?”

“नाही.”

“आजी म्हणायची, मी लहानपणी खेळताना मोडला.”

“आजी ते प्रत्येकाला म्हणायची,” मी म्हटलं. “तुझ्या बाबांनाही.”

त्याने खुर्ची ओढली, वर चढला आणि कपाटाच्या मागच्या फटीत मोबाइलचा टॉर्च मारून बघू लागला.